शिरपूरहून आलेला जेट

मालेगाव
जि. अकोला, ८ डिसेंबर १९७४

चि. फूलचंद यास जवरीलालचा जय जिनेंद्र.

आशीर्वाद मुद्दाम लिहिलेला नाही. का ते पुढे कळेल. पोस्टकार्डही टाकलेलं नाही, कारण कार्ड वाटेत कोण कोण वाचतं ते सांगता येत नाही. भावाभावांतलं आहे, बंद राहिलेलं बरं.

बापूजींनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे चातुर्मासाचे चार महिने आपली आई तुझ्याकडे शिरपूरला राहिली, आणि कार्तिकी पौर्णिमेला तू तिला फटफटीच्या साईडकारमध्ये बसवून इकडे आणून सोडलंस. आईला बाई म्हणायचं हे बापूजींचं, आणि जिथे बाई तिथे फटफटी, हेही बापूजींचंच. तेव्हा आता आठ महिने दोन्ही माझ्याकडे. इथवर माझी काही तक्रार नाही.

तू आलास तेव्हा गाडी कशी चालत होती ते मी ओट्यावर उभं राहून ऐकलं आहे. बंब तापवताना पाणी गुणगुणतं तशी चालत होती. जेवलास, एसटीने परत गेलास. दुसऱ्या दिवशी मी मेहकर रोडपर्यंत जाऊन येतो म्हणून किक मारली, तर ती सुरूच होईना. झाली तेव्हा चढावर दम टाकू लागली आणि इंजिन इतकं तापलं की पँटीला चटका बसला. मधूनच कार्बोरेटरमधून फाडकन आवाज काढते. आमचा जगदेव मिस्तरी त्याला शिंकणं म्हणतो.

तुझ्या हातात नीट आणि माझ्या हातात येताच बिघडली, याचा अर्थ काय करायचा? मी जगदेवला कार्बोरेटर खोलायला लावला. त्याने आतला जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा हा हरभऱ्याएवढा तुकडा, याच्याच भोकातून पेट्रोल वर चढतं, हे मी तुला काय सांगणार. तो आपला जेट नव्हता. गेल्या उन्हाळ्यात जुना डबीचा एअर फिल्टर गंजून गेला, तेव्हा तूच अकोल्याहून तो उघड्या जाळीचा नवा फिल्टर आणलास. त्यातून हवा जास्त जाते म्हणून जगदेवने माझ्यासमोर मोठ्या भोकाचा जेट बसवला होता. आता आत आहे तो बारीक भोकाचा.

जगदेव म्हणाला, "शेटजी, हिले हवा दणकून भेटून राह्यली, पेट्रोल भेटून नाही राह्यलं. म्हून शिंकते. पण जेट कोनं बदलला?"

कोणी बदलला हे त्याला सांगून घराची शोभा केली नाही. पेट्रोल महागलं म्हणून चार महिने बारीक जेटवर भागवलंस, असं धरून चालतो. मग देताना मोठा परत का नाही बसवलास? या जुन्या मिलिटरीच्या गाडीचे जेट बाजारात मिळत नाहीत हे तुला पक्कं ठाऊक आहे. भोक वाढवायला जगदेव धजत नाही. माझा जेट पाठव.

जवरीलाल

मालेगाव
२९ जानेवारी १९७५

फूलचंद,

यापुढे चि. लिहिणार नाही.

परवा पौष पौर्णिमेला बाई दर्शनाला यायची होती आणि पोचली नाही, म्हणून तू फाट्यावर माणूस पाठवला होतास असं कळलं. ती का पोचली नाही ते माझ्याकडूनच ऐक.

आम्ही सकाळी निघालो. अर्ध्या वाटेवरच्या चढाला गाडी तापली. मी उतरून थांबलो, पुन्हा किक मारली. ती शिंकली, आणि या खेपेला त्या तुझ्या जाळीतून हातभर ज्वाळ बाहेर आली. कार्बोरेटरवर पेट्रोल सांडलेलं होतं, ते पेटलं. फिल्टर साईडकारच्या अंगाला आहे, तिथे बाईचा पदर. मी माती ओतून आग विझवली, पण तिच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत भाजलं. एका शेतकऱ्याच्या बैलगाडीतून आम्ही परत आलो.

बाई रडली नाही. हात पुढे धरून बसली होती आणि मला विचारत होती, "त्या जाळीवर काई होतं का रे? एखांदा जीव?" स्वतःचं कातडं सोलवटलेलं आणि हिला किड्यामुंग्यांची पडली होती.

जगदेवने गाडी बाहेर काढू नका असं मला बजावलं होतं, असं तुझ्या कानावर येईल. त्याने तसं स्पष्ट बजावलं नव्हतं.

मी तुला जेट मागितला त्याला दोन महिने होत आले. उत्तर नाही, जेट नाही. गप्प कोण बसतं ते दुनिया जाणते. तू पेट्रोलचे पैसे वाचवलेस की माझ्या हातून गाडी मोडावी आणि ती तुला भंगारच्या भावात मिळावी असा तुझा बेत होता, ते तुझं तुला माहीत. त्या बेतात आपली आई बसली होती. जैन स्थानकात मला लोकांनी विचारलं, मी जे आहे ते सांगितलं. बाईलाही सांगितलं.

आणखी एक. येत्या चातुर्मासाला बाई शिरपूरला येणार नाही. बापूजी गेल्यापासून ती तिथे चातुर्मास करते, महाराजांची व्याख्यानं ऐकते, हे सगळं मला पाठ आहे. तरी नाही येणार.

जवरीलाल

मालेगाव
२० फेब्रुवारी १९७५

फूलचंद,

काल शिरपूर गाडीच्या कंडक्टरने दुकानात एक पुडी आणून दिली. आत तो मोठा जेट. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

आग लागल्यावर बरा सापडला! आधी मागितला तेव्हा कुठे होता? आणि हरवला नव्हता, विकला नव्हता, जपून ठेवला होता, म्हणजे तू जाणूनबुजून काढला होतास हे आता तूच कबूल केलंस. चिठ्ठी लिहायची हिंमत मात्र झाली नाही.

मी तो बसवणार नाही. त्याच्या भोकात तू काय करून ठेवलं असशील याचा भरवसा काय? पुडी गल्ल्यात टाकली आहे.

बाईच्या हाताला नवी कातडी धरते आहे. तीन बोटं नीट मिटत नाहीत. माळ डाव्या हाताने ओढते.

जवरीलाल

मालेगाव
२६ एप्रिल १९७५

फूलचंद,

महावीर जयंतीच्या मिरवणुकीत तू आला होतास. मी पाहिलं नाही असं तुला वाटलं असेल. रामकिसनच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून तू आमच्या घराच्या खिडकीकडे बघत होतास. नंतर दाराशी आलास तेव्हा बाई झोपली आहे असं तुझ्या भाभीने सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. बाई झोपलेली नव्हती. तिने तुझ्या चपलांचा आवाज ओळखला आणि विचारलं, "फूलचंद आला का?" मी म्हणालो, कोणी गिऱ्हाईक होतं.

गाडी आता बरी आहे. जगदेवने काहीतरी खटपट केली. तुझ्या जेटमुळे बरी झाली असा समज करून घेऊ नकोस.

तू जाताना तुझ्या भाभीपाशी निरोप ठेवलास की चातुर्मासापुरतं तरी बाईला पाठवा, हवं तर तुमच्या गाडीने नको, मी एसटीने घेऊन जातो. एवढा पुळका कशाला? तिचं मन तुझ्याकडे ओढ घेतं, ते काही फुकट घेत नाही. तू तिचे लाड करतोस, ती सांगेल त्याला मान डोलावतोस. माझ्याकडे शिस्त आहे. तिचा जीव माझ्याकडे सुरक्षित आहे, आणि तिच्या हाताकडे पाहून हे कोणीही सांगेल.

हल्ली ती फार बोलत नाही. आषाढ कधी लागतो ते मात्र रोज विचारते.

जवरीलाल

मालेगाव
३० जुलै १९७५

फूलचंद,

तुझा डाव आता माझ्या लक्षात आला.

खोटं कशाला लिहू, तो तुझा जेट मी फेब्रुवारीतच बसवला होता. पाच महिने गाडी सुतासारखी चालली. प्लग काढून पाहावा तर बदामी, जगदेव म्हणे यापेक्षा चांगला रंग नाही. आणि गेल्या आठवड्यापासून एकाएकी काळा धूर! प्लग काजळ धरतो. चढावर गुदमरते आणि पेट्रोल तर अशी पिते की टाकीला भोक पडलं असं वाटावं. त्या खेपेला पेट्रोल कमी, या खेपेला जास्त. एकच गाडी, एकच कार्बोरेटर, आणि दोन्ही वेळा जेट तुझ्याच हातचा.

जगदेव म्हणतो, "जेट आपोआप मोठा होते काय शेटजी?" मी म्हणतो, ज्याने तो पाठवला त्याला विचार. भोकात मेण किंवा लाख भरून ठेवायची, म्हणजे काही महिन्यांनी पेट्रोलने ती विरघळते आणि भोक मोठं होतं, हे तुला न सुचण्यासारखं नाही. जगदेव हसला. त्याला हसू दे.

बाईचा चातुर्मास इथे सुरू झाला. आषाढ चतुर्दशीच्या सकाळी ती पेटी भरून ओट्यावर बसली होती. मी पेटी आत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून ती एक वेळ जेवते आणि त्यातही दूध, तूप, गूळ सोडलेलं आहे. कशासाठी सोडलं असं विचारलं तर म्हणते, "माह्या मनाचा नेम हाय." महिनाभर असं चाललं तर ती उठून बसू शकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हेही तुझ्याच खाती जमा.

जवरीलाल

मालेगाव
४ ऑगस्ट १९७५

फूलचंद,

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. बायको म्हणून राजमतीलाही दाखवू नकोस.

काल दुपारी मी गाडीपाशी गेलो तेव्हा बाई रिकाम्या साईडकारमध्ये बसली होती. मला वाटलं, शिरपूरची आठवण येऊन बसली असेल. पण ती वाकून काहीतरी करत होती. मी मागून जाऊन पाहिलं. पाणी गाळायचं आपलं गाळणं, चांगल्या जाड खादीचं, चार पदरी घडी घालून, ते ती फिल्टरच्या जाळीवर बांधत होती. गाठ त्या तीन बोटांनी बसत नव्हती म्हणून दाताने ओढत होती.

मी विचारलं, हे काय?

म्हणाली, "पानी गाळून पेतो ना आपून? मंग हे मशीन हवा पेते, ते काहून नाही गाळाची? चातुर्मासात किती जीव उडून राह्यले पाय. त्या उघड्या जाळीतून सारे अंदर जाऊन जळतेत. जुन्या डबीत जात नव्हते."

मी विचारलं, शिरपूरला पण बांधायचीस?

"बांधत होती ना. कार्तिकी झाली का सोडलं. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी सोडलं, धुतलं, पेटीत ठेवलं. चार महिन्याचाच नेम हाय."

फूलचंद, तुला वेगळं समजावून सांगायला नको. कापड बांधलं की हवा कोंडते आणि धूर होतो. ते सोडलं की हवा मोकळी, आणि त्यात जेट बारीक असला की गाडी शिंकते. गाडी बिघडवली ती बाईने. तिचा हात भाजला तोही तिच्याच गाळण्यापायी.

आता मुद्द्याचं लिहितो. बाईला हे कळता कामा नये. आपल्या नेमापायी आग लागली, त्यापायी आपले दोन मुलगे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, हे तिला कळलं तर ती आहे ते एक वेळचं जेवणही सोडेल. तू तिला ओळखतोस. ती प्रायश्चित्त घेणार आणि त्यातून उठणार नाही.

पण तिला काहीतरी सांगावं तर लागेल, कारण तिला शिरपूरला पाठवायचं ठरवलं आहे, आणि मी इतके दिवस पाठवलं नाही ते तुझ्या दोषापायी, असं तिला माहीत आहे. तेव्हा तू ये. तिच्यासमोर म्हण की पेट्रोल वाचवायला मीच जेट बदलला आणि परत बसवायचा विसरलो, चूक झाली. मी म्हणेन, बरं, झालं गेलं. म्हणजे कोणालाच त्रास नाही.

तुला हे कबूल नसेल, तू याचा मोबदला मागशील, किंवा हे पत्र चार लोकांत दाखवशील, याचीही मला कल्पना आहे. म्हणून फाडायला लिहिलं.

आणि एक विचारायचं राहिलं. कापडाचं तुला ठाऊक नव्हतं तर जेट तू बदललास कशासाठी? धूर दिसला म्हणून आंधळेपणाने बदललास ना?

जवरीलाल

मालेगाव
संवत्सरी, ९ सप्टेंबर १९७५

प्रिय फूलचंद,

आज क्षमापनेचा दिवस. दरसालप्रमाणे छापील कार्डं घेतली आणि सगळ्या गोतावळ्याला टाकली. तुला टाकलं नाही. का ते शेवटी लिहितो.

तू बाईला न्यायला आलास त्याला आता तीन आठवडे झाले. पत्राचा विषय तू काढला नाहीस. सरळ आत गेलास, बाईच्या पायाशी बसलास आणि माझ्या पत्रातलं वाक्य जसंच्या तसं म्हणालास, "बाई, पेट्रोल वाचवाले जेट मीच बदलला होता. परत बसवाचा इसरलो. माह्यामुळं तुहा हात भाजला." मी दारात उभा होतो. तुझा आवाज एकदाही अडखळला नाही. मला वाटलं, बघा, हा किती सहज खोटं बोलतो, याने आधीही असंच फसवलं असणार. त्या घडीलाही माझ्या मनात हेच आलं.

बाईने तो भाजलेला हात तुझ्या डोक्यावर ठेवला. "चुकला त चुकला लेका. पण खोटं नाही बोलला."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बरं झालं.

मग ती जेवायला बसली आणि तू अंगणात जाऊन कार्बोरेटर खोललास. मी फेब्रुवारीत काढून ठेवलेला बारीक जेट गल्ल्यातून आणून तुला दिला. तू तो न विचारता घेतलास, बसवलास आणि स्क्रू लागेल तेवढाच, न अडखळता फिरवलास. ते मी पाहत होतो आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बाई साईडकारमध्ये बसली. तिने पेटीतून गाळणं काढलं, जाळीवर बांधलं, आणि तू गाठ आवळून दिलीस. तेव्हा ती तुला म्हणाली, "आठ रोजानं धुऊन देत जाजो रे, मांगच्या साली देत होता तसं. झाडाखाली झटकजो पयले, जीव बसले असतेत."

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि किक मारलीस. गाडीच्या मागे धुराची रेघसुद्धा नव्हती.

तुला ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या श्रावणापासून ठाऊक होतं. कापड काढ असं तू आईला म्हणाला नाहीस, तिच्या कापडाला साजेलसा जेट घातलास. ती ते कार्तिकीनंतर सोडते एवढंच तुला माहीत नव्हतं. माझं पहिलं पत्र मिळालं तेव्हा कापड अजून बांधलेलंच आहे असं तुला वाटलं असेल, म्हणून जेट पाठवला नाहीस, पण आग लागली तेव्हा उमगलं. दोन ओळी लिहिल्या असत्यास तर तू सुटला असतास. त्या ओळी मी बाईला वाचून दाखवल्या असत्या, हे ओळखून तू लिहिल्या नाहीस. माझी परीक्षा तू बरोबर केलीस. मी त्याच दिवशी वाचून दाखवल्या असत्या.

आता माझं ऐक. फेब्रुवारीत जेट बसवला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली, तेव्हाच मला कळलं होतं की तुझ्या मनात पाप नाही. पाप असतं तर तू तो फेकला असतास. कळूनही मी बाईला अडवलं. ती तुझ्या घरी मोठ्याने हसते, फूलचंद. मी एकदा न सांगता शिरपूरला आलो होतो, तेव्हा रस्त्यावरूनच ऐकलं होतं. माझ्या घरी आठ आठ महिने ती राहते आणि मी तिचं तसलं हसणं ऐकलेलं नाही. मला एक चातुर्मास हवा होता. तो मिळवायला कारण लागत होतं, ते तुझ्या बारीक जेटने दिलं, आणि मी ते सोडलं नाही. स्थानकात जे जे बोललो ते आज सकाळी त्याच लोकांसमोर उभा राहून परत घेतलं. कोणी काही विचारलं नाही. बाईचं नाव घेतलं नाही.

छापील कार्डावर असतं, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. त्या ओळीवर तुझं नाव लिहायला घेतलं आणि हात थांबला. फूलचंद, माझं अजाणता काहीच नव्हतं.

तुझा दादा